अंधाराचें गाणें

मनुष्यानें काय खावें याविषयीं आमच्या मंडळ्यांत आतां फारसा वाद राहिलेला नाहीं. परंतु त्यानें काय गावें व काय ऐकावें याविषयीं घरोघरीं वाद आहे. बाप एक सांगतो, मुलगा कानांत यंत्र घालून दुसरेंच ऐकतो, आणि दोघांच्या मध्यें पाळकास उभें केलें जातें. असाच एक प्रसंग आमच्यावर आला, व त्यांत आमच्या हातून चूक झाली. ती चूक इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून हें लिहीत आहों.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, इंदापूर तालुक्यांतील एका मंडळीचे एक वडील सभासद शनिवारीं सायंकाळीं आमच्या घरीं आले. त्यांच्या हातांत वर्तमानपत्रांत गुंडाळलेला एक काळा सदरा होता. त्यांचा धाकटा मुलगा बारामतीस महाविद्यालयांत शिकतो. त्याच्या पेटींतून तो निघाला होता. सदऱ्यावर कांटेरी झुडपासारख्या अक्षरांत एक नांव छापलेलें होतें. तें बापास वाचतां आलें नाहीं, म्हणून मुलाकडूनच वाचवून घेतलें: ‘डिमॉनिक रेझरेक्शन’. अर्थ विचारला तेव्हां मुलानें खरें तें सांगितलें: ‘राक्षसी पुनरुत्थान’. “साहेब,” बाप आम्हांस म्हणाला, “ईस्टरच्या पहाटे जो शब्द आपण गातों, तोच शब्द यांनीं राक्षसाला जोडला आहे. सदरा जाळूं काय?”

सदरा आम्हीं जाळूं दिला नाहीं. परंतु त्याहून वाईट केलें. दुसऱ्याच दिवशीं उपदेशांत आम्ही त्या संगीतावर बोललों. मुलाचें नांव घेतलें नाहीं. पण चाळीस घरांच्या मंडळींत नांव घेण्याची गरज नसते. तो मुलगा उपासनेच्या वेळीं ढोलकी वाजवीत असे. पुढच्या रविवारीं ढोलकी वाजली नाहीं.

ज्या गोष्टीची आम्हीं निंदा केली ती आम्हांस ठाऊक नव्हती. न ऐकतां न्याय करणें हें न्यायाधीशास शोभत नाहीं, मग पाळकास कसें शोभेल? म्हणून ती गोष्ट समजून घेण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

ह्या संगीतास ‘मेटल’ म्हणतात, व त्याच्या अति उग्र शाखांस ‘एक्स्ट्रीम मेटल’. त्याचें मूळ इंग्लंडांतील बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरांत आहे. तेथें टोनी आयोमी नांवाच्या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्रांत तुटलीं. त्यानें प्लॅस्टिक वितळवून बोटांस टोपणें केलीं. पुढें दुखऱ्या बोटांस सोपें जावें म्हणून गिटारच्या ताराही सैल केल्या, आणि त्या तारांतून एक खोल, जड आवाज निघाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या संघाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली. गुऱ्हाळाच्या चरकांत बोटें गेलेले मनुष्य आपल्याकडेही आहेत. त्यांस हें सांगावयास नको कीं, यंत्रानें केलेली जखम कोणता तरी आवाज शोधीत असते.

पुढें इतरांनीं हा आवाज अधिकाधिक वेगवान व कर्कश केला. दोन्ही पायांनीं पडघम बडवावयाचे, आणि गळ्यांतील स्वरतंतूंच्या वरचे पडदे कांपवून जनावराच्या गुरगुरण्यासारखा स्वर काढावयाचा, अशी रीत पडली. विषय मृत्यूचे, नरकाचे व सैतानाचे. नॉर्वे देशांत तर हें गाण्यावरच थांबलें नाहीं. १९९२ सालच्या जून महिन्यांत बर्गन शहरांतील फॅन्टॉफ्ट येथील प्राचीन लांकडी देऊळ जाळण्यांत आलें. त्यानंतर तेथें आणखी देवळें जळलीं. आणि आगी व खून ह्यांबद्दल त्या वर्तुळांतील कांहीं वादकांस १९९४ सालीं शिक्षा झाल्या. हें लपवून आम्ही पुढें गेलों तर वाचकांशीं अप्रामाणिकपणा होईल. ज्या बापानें सदरा जाळूं काय म्हणून विचारलें, त्याची भीति पोकळ नव्हती.

आतां त्या सदऱ्यावरील संघाविषयीं. तो मुंबईचा. साहिल मखीजा ह्या तरुणानें तो २००० सालीं काढला, व स्वतःस ‘डिमनस्टीलर’, म्हणजे राक्षस चोरणारा, असें नांव घेतलें. ‘अंधार उतरतो’ ह्या अर्थाची त्यांची ध्वनिमुद्रिका २००५ सालीं निघाली, ‘अंधाराच्या पलीकडे’ ही लहान मुद्रिका २००७ सालीं, व ‘अंधाराकडे परत’ ही २०१० सालीं. त्याच वर्षीं नॉर्वेच्या राजधानींतील मोठ्या मेळ्यांत त्यांनीं आपलें वादन केलें. २०१४ सालीं राक्षसराजावर एक मुद्रिका झाली. येथवर सर्व राक्षस आणि काळोख. परंतु २०१७ सालीं त्यांनीं जी मुद्रिका काढली तिचें नांव ‘दशावतार’. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की, अशीं दहा गाणीं. गर्जना तीच, पण तींत भारतीय वाद्यांचे स्वर मिसळलेले.

आमच्या भागांतील लोकांस ह्यांत नवें काय वाटावें? बारामतीस कऱ्हेच्या कांठीं मोरोपंतांनीं आयुष्याचीं बहुत वर्षें रामाच्या व कृष्णाच्या कथा आर्येंत गुंफण्यांत घालविलीं. कोंकणांत दशावताराच्या खेळांत काळा संकासुर रंगभूमीवर येऊन गोंधळ घालतो, लोक हंसतात, पोरें भितात, आणि मग विष्णु येतो. राक्षसावांचून खेळ रंगत नाहीं, हें आपल्या लोकांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. गीतकारानें विषय बदलला म्हणून त्याचा विश्वास बदलला असें नव्हे, आणि अवतारांची कथा व आमच्या तारणाऱ्याची कथा एकच असेंही आम्ही मानीत नाहीं. आमचा प्रभू एकदांच आला, आणि दुष्टांस मारण्यासाठीं नव्हे तर त्यांच्यासाठीं मरण्यास आला. परंतु सतरा वर्षें राक्षसांच्या गोष्टी सांगणाऱ्या कल्पनेस शेवटीं राक्षसांचा अंत करणाऱ्याची गोष्ट सांगावीशी वाटली, हें विचार करण्याजोगें आहे. केवळ काळोखाच्या जोरावर कोणतीही गोष्ट फार दूर जात नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्न असा: अंधाराचें गाणें गाणें किंवा ऐकणें हें पाप आहे काय?

पहिली गोष्ट ही कीं, आवाज मोठा म्हणून पाप होत नाहीं. आपल्या वरातींत गाडीवर रचलेले कर्णे भिंती हालवितात, आणि तेथें आपलींच मुलें नाचतात. त्यावर आम्हीं कधीं उपदेश केला नाहीं. हलगी आणि संबळ हीं कांहीं मंजुळ वाद्यें नव्हत. सूर परक्या घरचा म्हणून तो टाकावा, असेंही नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं वारकऱ्यांच्या अभंगाची व कीर्तनाची रीत प्रभूच्या सेवेस लाविली, आणि आज तीच रीत आम्हांस आपली वाटते.

दुसरी गोष्ट, वाइटाचें नांव घेणें हें पाप नव्हे. तसें असतें तर पवित्र शास्त्राचीं किती तरी पानें फाडावीं लागतीं. ईयोब आपल्या जन्मदिवसास शाप देतो. प्रकटीकरणांत अजगर आहे, श्वापद आहे, रक्ताचे लोट आहेत. फादर स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालीं छापलेल्या मराठी ख्रिस्तपुराणांतही सैतानाचें पतन सांगितलेलें आहे. ज्यास शत्रूचें नांव घेण्याची भीति वाटते, तो लढणार कसा?

पण तिसरी गोष्ट विसरतां येत नाहीं. अंधाराचें वर्णन करणें निराळें व अंधारास सिंहासनावर बसविणें निराळें. नॉर्वेमध्यें ज्यांनीं देवळें जाळलीं, त्यांनीं मुखवटा घातला व मग तो काढावयाचें विसरले. ह्या उग्र संगीतांत असेही कांहीं संघ आहेत कीं जे स्त्रीच्या देहाच्या चिंध्या करण्याचें वर्णन चवीनें करितात. तीं गाणीं ऐकूं नयेत असें आम्ही स्पष्ट सांगतों. गाण्याची कसोटी ही कीं, तें ऐकून उठल्यावर दुबळ्याविषयीं आपलें मन मऊ होतें कीं टणक होतें. आणि मरणाचा शब्द हजार वेळां खेळांत उच्चारला म्हणजे कान बधिर होण्याचा संभव असतो. एखादा मित्र तोच शब्द खरोखर उच्चारील त्या दिवशीं तो ऐकूं न आला तर काय?

एवढा विचार घेऊन आम्ही बारामतीस त्या मुलाकडे गेलों. एका चहाच्या दुकानांत बसलों. प्रथम आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो गोंधळून गेला. मग म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्हीं हें ऐकलें तरी आहे काय?” आणि कानांतील यंत्राचें एक टोक त्यानें आमच्या हातीं दिलें. आम्हीं ऐकलें. खोटें कशाला बोलावें, आम्हांस तें आवडलें नाहीं. परंतु दुसऱ्यांदा ऐकतांना त्या गर्जनेमागें मोठी मेहनत व शिस्त आहे, हें ध्यानांत आलें.

“तुला ह्यांत काय मिळतें?” आम्हीं विचारलें.

तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं. तीन वर्षांपूर्वीं त्याचा वडील भाऊ रात्रीच्या वेळीं पुणें-सोलापूर रस्त्यावर उंसाच्या ट्रॉलीस धडकून मरण पावला होता. ट्रॉलीस मागें दिवा नव्हता. “दादा गेला तेव्हां तुम्ही सगळे आमच्या घरीं आलां,” तो म्हणाला. “सगळ्यांनीं आईला सांगितलें, रडूं नका, तो गौरवांत गेला आहे. मग आपण आनंदाचीं गीतें गाइलीं. मला त्या दिवशीं ओरडावयाचें होतें. आपल्या गीतांत ओरडण्यास जागा नव्हती, पाळकसाहेब. ह्या गाण्यांत होती.”

मग त्यानें आणखी एक सांगितलें. पुण्यास तो एकदां अशा एका जलशास गेला होता. तेथें रंगभूमीपुढें तरुण एकमेकांस धडका देत नाचतात. “बघणाराला वाटतें मारामारी चालली आहे,” तो म्हणाला, “पण कोणी खालीं पडला कीं सगळे थांबतात आणि चार जण त्याला उचलून उभा करितात. तिथला नियमच आहे तो.”

हें ऐकून आम्हांस जी लाज वाटली ती लिहून दाखवितां येत नाहीं. त्या भावाच्या प्रेतसंस्काराची उपासना आम्हींच चालविली होती. आमच्या मंडळींत एक मुलगा खालीं पडला होता, आणि तीन वर्षें तो पडलेला आहे हें कोणास दिसलें नाहीं. उलट, तो उठण्याची धडपड करूं लागला तेव्हां आम्हीं व्यासपीठावरून त्याच्यावर आणखी एक धोंडा टाकिला.

उजनी धरणाच्या पाण्यांत पळसदेवाचें जुनें देऊळ बुडालें आहे. कडक उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं त्याचें शिखर पुन्हां वर दिसतें. दडपलेलें दुःख असेंच आहे. तें पाण्याखालीं जातें, नाहींसें होत नाहीं. देवाच्या लोकांस हें पूर्वीं ठाऊक होतें. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र उघडून पाहा. त्यांत आक्रोश आहे, प्रश्न आहेत, आणि शेवटही अंधारांतच होतो. तरी तें स्तोत्र कोणीं एकांतांत लपून म्हणावयाचें नव्हतें. तें मुख्य गवयाच्या हवालीं केलेलें होतें, म्हणजे सर्व मंडळीनें मिळून गाण्यासाठीं. वधस्तंभावर प्रभूनें मोठ्यानें आरोळी मारिली, आणि त्या आरोळीचे शब्दही त्यानें एका जुन्या स्तोत्रांतूनच घेतले. मोरोपंतांनीं आपल्या प्रार्थनाकाव्यास ‘केकावली’ म्हटलें, तें मोराच्या आर्त केकांवरून. आक्रोश करणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे. ज्याच्याकडे आक्रोश करावयाचा तो ऐकतो, असा भरंवसा त्यांत असतो.

तेव्हां आमचें उत्तर असें आहे. अंधाराचें गाणें हें पाप नव्हे. अंधारास धनी करणें हें पाप आहे. आणि ज्याला अंधार झाला आहे त्याला एकट्यानें गावयास सोडून देणें, हेंही पाप आहे. परंतु तें गाणाऱ्याचें नव्हे, मंडळीचें आहे. आपलीं मुलें कोठें जाऊन ओरडतात हें विचारण्यापूर्वीं, त्यांस आपल्यामध्यें ओरडतां कां येत नाहीं, हें आपण विचारावें.

त्या संघाच्या नांवाविषयीं आम्हीं आपलें दुःख मुलास मोकळेपणानें सांगितलें. ज्या शब्दावर आमच्या मेलेल्यांची आशा आहे, त्या शब्दाची थट्टा आम्हांस सोसवत नाहीं, असें म्हटलें. त्यानें ऐकून घेतलें. गाणीं सोडतों असें तो म्हणाला नाहीं, व आम्हींही तसें वचन मागितलें नाहीं. “तो सदरा घालून देवळांत येणार नाहीं,” एवढेंच म्हणाला.

त्यानंतरच्या एका रविवारीं आम्हीं अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र उपासनेंत सबंध वाचलें, व त्यावर कांहींएक न बोलतां खालीं बसलों. थोडा वेळ कोणी हाललें नाहीं. मग त्या मुलाची आई रडूं लागली. मोठ्यानें, जशी ती तीन वर्षांपूर्वीं रडली नव्हती. ह्या वेळीं कोणींही तिला गप्प केलें नाहीं. दोन वडील बाया उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. मुलगा मागच्या भिंतीस टेकून उभा होता.

ढोलकी अद्यापि कोपऱ्यांतच आहे. ती वाजेपर्यंत वाट पाहण्याचा धीर प्रभू आम्हांस देवो.