रोप निवडताना

यंदा मृगाच्या सरी पडल्या आणि अंगणात संत्र्याचे रोप लावण्याचा ठराव आमच्या घरी एकमताने पास झाला. राहायचे नागपुरात, २०१४ साली इथल्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून परगावी मिरवायचे, आणि स्वतःच्या दारी संत्र्याचे एक झाड नसावे, हे आमच्या सौभाग्यवतींना कित्येक वर्षे सलत होते. तेव्हा एका रविवारी छत्री घेऊन आम्ही दोघे नर्सरीत गेलो.

माझी नजर गेली ती दोन फळे लागलेल्या एका डेरेदार रोपावर. मी ते उचलणार, तोच म्हातारा माळी म्हणाला, "गुरुजी, फळं पाहून रोप घ्यायचं नसते." त्याने पिशवी अलगद उतरवून दाखवली. आत मुळे जागेअभावी गोल गोल फिरून सुंभासारखी वळली होती. अशी मुळे मोकळ्या जमिनीतही नीट पसरत नाहीत.

मग त्याने मला धडाच दिला. संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर भरतात. तो सांधा मातीपासून नऊएक इंच उंच हवा. मातीत गेला, की ओल धरून बुंधा कुजतो. खोडावर डिंक पाझरत असेल तर ते रोप घेऊ नये. पाने उलटून पाहावीत, किडी मागेच दडतात. मुळे पांढरी, ताजी असली, तर ठेंगणे रोपही बिनघोर न्यावे.

कोपऱ्यात एक रोप पिवळे पडून उभे होते. सौ. कळवळून म्हणाली, "अहो, हेच नेऊ या का? बिचारं जगेल."

"नका नेऊ, बाई," माळी म्हणाला. "रोग असला, तर पिशवीतल्या मातीसंगं तुमच्या अंगणात येईल. एकाची दया कराल अन् चार झाडं गमावाल."

त्याचे खरेच होते. डिंक्याची बुरशी मातीतूनच पसरते. १९८५ साली नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. तेही निर्जंतुक केलेल्या मातीतच रोपे वाढवायला सांगत आले आहे.

आम्ही एक ठेंगणे रोप घेऊन परतलो. पण त्या रात्री मला झोप लागेना. माळ्याचे ते वाक्य मी पूर्वी कुठे तरी ऐकले होते. आठवले, तेव्हा ओशाळलो. ते माझेच होते!

काही वर्षांपूर्वी शाळेत प्रवेशाच्या टेबलाशी मी बसलो होतो. खेड्यावरून आलेला एक मुलगा पुढे उभा राहिला. बोलताना अडखळत होता, गुण बेताचे. "याच्यापायी सारा वर्ग मागे पडेल," असे म्हणून मी त्याच्या नावापुढे फुली मारली. त्याचा बाप काही न बोलता कागद घडी करून निघून गेला.

माळ्याचा न्याय खरा, मग माझा का बोचावा? गणितातला कच्चेपणा काही डिंक्यासारखा बाकावरून बाकावर पसरत नाही, हे एक. आणि दुसरे मला पुढच्या रविवारी कळले. मुद्दाम जाऊन मी माळ्याला विचारले, "त्या पिवळ्या रोपाचं काय केलंत?"

"मुळं पाहिली," तो म्हणाला. "सडली असती तर जाळलं असतं. पण नुसतं पाणी साचलं होतं. पिशवी बदलली, बाजूला ठेवलं. विकत नाही अजून."

गिऱ्हाइकाला निवडीचा हक्क आहे. तो चांगले रोप घेतो, पैसे मोजतो आणि जातो. पण मास्तर गिऱ्हाईक नव्हे, माळी आहे. आणि माळी मुळे पाहिल्यावाचून निकाल देत नाही. मी त्या मुलाची फक्त पाने पाहिली होती. त्याच्या मुळाशी रोग होता की नुसते पाणी साचले होते, हे मी विचारलेच नाही. तो आज कुठे आहे, मला ठाऊक नाही.

दिवाळीच्या पणत्या लावताना पाहिले, तर आमच्या ठेंगण्या रोपाला कोवळी पालवी फुटली आहे. जूनमध्ये मला पुन्हा त्याच टेबलाशी बसायचे आहे.