नकळत घडलेली हिंसा

ठाणे, कल्याण-डोंबिवलीकडच्या आगरी-कोळी बांधवांत माळकरी पुष्कळ. त्यांच्याच घरातला हा प्रश्न. जाळे टाकले मासळीसाठी, आणि त्यात डॉल्फिन अडकून मेला; तर पाप कोणाचे?

डॉल्फिन हा मासा नव्हे. तो पिलाला दूध पाजतो, आपल्यासारखा फुप्फुसाने श्वास घेतो. जाळ्यात गुरफटला की त्याला वर येता येत नाही, आणि जन्मभर पाण्यात राहिलेला जीव पाण्यातच गुदमरतो.

मारायचा हेतू नव्हता, हे खरे. पण तेवढ्याने सुटका होते काय? आम्हांस वाटते, कळेपर्यंत होते. जीव धडपडताना दिसला, की 'नकळत' संपले. मग सुरी जाळ्याला लावायची, की तोंड फिरवायचे?

पण जाळे म्हणजे पोराबाळांची भाकरी. दया एकाने करायची नि भुर्दंडही त्यानेच सोसायचा, हा न्याय नव्हे. १९७२ च्या कायद्याने ज्यांना अभय दिले, असे जीव सोडवताना जाळे कापावे लागल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे महाराष्ट्र शासनाने २०१८ साली ठरवले. तो पैसा सर्वांचा; म्हणजे दयेचा वाटाही सर्वांनी उचलला.

"आम्ही तर मासळीला शिवत नाही," म्हणून माळकऱ्याने हात झटकू नयेत. वारीच्या वाटेवर मुंगी पायाखाली येतेच. म्हणून आपण चालणे सोडत नाही, खाली बघून चालतो. कोळ्यानेही जाळे सोडू नये. नजर मात्र सोडू नये.

रामकृष्णहरि.