दोन लोखंडांमधले रबर

जुनी मोटार जपणाऱ्यांना वऱ्हाडात रेडिएटर वरचेवर उतरवावा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील पाणी नळ्यांत क्षारांचा थर धरते. असाच एक रेडिएटर साफ करून अमरावतीस गाडीत परत बसवताना आम्ही चेपलेली जुनी रबरे फेकून दिली. नवी मिळाली नाहीत, तेव्हा बोल्ट थेट लोखंडावर आवळले. इतके घट्ट बसलेले हलेल कशाला, असा आमचा हिशेब होता. अकोल्याच्या वाटेवर मूर्तिजापूर येण्याआधीच डाखाच्या सांध्यातून पाणी गळू लागले.

अकोल्यातील वृद्ध कारागिराने ते पाहिले आणि म्हटले, “लय आवळू नोका भाऊ, रबराले जागा ठेवा.”

कारण साधे आहे. चाक खड्ड्यात उतरले की गाडीचा सांगाडा किंचित पिळतो. रेडिएटर पितळ-तांब्याचा, त्याचे सांधे कथील-शिशाच्या मऊ डाखाने जोडलेले. मध्ये रबर नसेल तर तो पीळ थेट सांध्यावर येतो. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत घालून विश्वविक्रम झाला. परंतु रस्ता कितीही गुळगुळीत झाला तरी गाडीचे स्वतःचे इंजिन थरथरतच असते. घराचेही असेच नाही काय? परिस्थिती सुधारली, पगार वाढला, तरी माणसांच्या स्वभावांची थरथर घरातच राहते.

म्हणून संसारात कोणीतरी सोसावे लागते, हे आपण जाणतो. प्रश्न पुढचा आहे: सोसणे म्हणजे दुबळेपण काय? 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर यांना कच्चे रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. त्याआधी ते उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. दबून पुन्हा मूळ आकारास येण्याचा गुण त्याला आगीतूनच लाभला. खरी सहनशीलताही अशीच तावून निघालेली असते. ती हवे तसे वाकत नाही. रबर फारच मऊ असेल तर रेडिएटर पुढे-मागे डोलतो आणि पंख्याला घासतो. दारूच्या व्यसनापुढे, मारहाणीपुढे किंवा लबाडीपुढे जी माणसे गप्प राहतात, ती घर सांभाळत नाहीत. घराला पंख्याच्या पात्यावर ढकलतात.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोचते. कारागिराने रेडिएटर बसवताना आधी गंज खरवडला. खाली एक आणि वर एक अशी रबरे घातली. तेलाने रबर फुगते म्हणून साबणाचे पाणी लावले. मग नट थोडाथोडा, सर्व बाजूंनी सारखा आवळला. एकाच कोपऱ्यावर सारा भार आला, तर तेथील रबर आधी चेपते, उष्णतेने कडक होते आणि त्याला भेगा पडतात. तसे झाले की ते रबर असूनही लोखंडासारखेच वागते.

आपल्या कित्येक घरांत हा एक कोपरा ठरलेला असतो. बहुधा ती आई असते, कधी सून, कधी अविवाहित थोरली बहीण. तिच्या सोशिकपणाची आपण स्तुती करतो आणि त्या स्तुतीच्या आडून तिच्यावरचा नट आणखी एक वेढा आवळतो. एके दिवशी ती कठोर बोलली की आपण चकित होतो. कलस्सैकरांस लिहिताना संत पौलाने सोसून घेण्याचा उपदेश केला, तो परस्परांसाठी. एकीने सोसावे आणि बाकीच्यांनी निवांत राहावे, अशी वाटणी त्यात नाही. क्रूसाचा हवाला देऊन दुसऱ्याला सोसायला सांगणे सोपे आहे. प्रभूने मात्र तो स्वतःच्या खांद्यावर घेतला.

त्या दिवशी रेडिएटरात हळूहळू पाणी भरून इंजिन सुरू केले, तेव्हा सांधा कोरडा राहिला. कारागिराने बजावले, की रबरे दरवर्षी बोटाने दाबून पाहा. गळती लागेपर्यंत थांबू नका. आम्हांस वाटते, आपल्या घरच्या त्या ठरलेल्या कोपऱ्याचीही प्रायश्चित्तकाळात एकदा अशीच चौकशी करावी: तुझ्यावरचा भार आमच्यापैकी कोणी घ्यावा? उत्तर मिळेल, ते मग निमूटपणे ऐकावे.