शिळं कोण खातं?

रात्रीच्या पोळ्या उरल्या की आमच्याकडे सकाळी फोडणीची पोळी ठरलेली. कांदा, मोहरी, हळद, तिखट, वर जरा साखर. भात उरला तर फोडणीचा भात. वरण उरलं तर ते कणकेत मळलं जायचं. विरलेली लुगडी गोधडीत जायची आणि गोधडी फाटली की तिचं पायपुसणं व्हायचं. जुन्या पँटी बोहारणीकडे गेल्या की घासाघीस होऊन स्टीलचं पातेलं घरात यायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत असायच्या. कचऱ्याचा डबा होता, पण तो भरायला दोन-तीन दिवस लागत.

हे आठवून गहिवरणं सोपं आहे. ‘आपले पूर्वज किती पर्यावरणस्नेही होते’ असं म्हणून लेख संपवताही येईल. पण मला पुढचं चित्रही आठवतं. आजोबांच्या ताटात ताजी पोळी पडायची, आजीच्या ताटात कालची. आजीनंतर ती आईकडे आली. काटकसरीचं नाव सगळ्या घराचं होतं; निभवायची ती बायकांनी. पिशव्या धुणारे, गोधडी शिवणारे, बोहारणीशी तासभर हुज्जत घालणारे हातही त्यांचेच.

पैसा आला, घरं बदलली आणि हे कष्ट नकोसे झाले. त्यात गैर काही नाही. पण कष्ट संपले नाहीत, ते उंबऱ्याबाहेर गेले. आपण एकाच डब्यात आमटी, वर्तमानपत्र, फुटका पेला आणि डायपर टाकतो, तेव्हा ते वेगळं करण्याचं काम कुणीतरी हातांनी करतंच. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती अशाच कचरावेचकांची, आणि त्यांत बहुसंख्य बायका. त्यातूनच २००८ साली महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. कुंडीत वाकून उपसण्याऐवजी कचरा दारात, ओला-सुका वेगळा मिळाला तर काम माणसासारखं होतं आणि सुक्याला भावही येतो. आमटीत भिजलेल्या कागदाला भंगारवाला हात लावत नाही. घरातल्या सॅनिटरी पॅडला वेगळा कागद गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला अर्धं मिनिट लागतं. न काढल्यास ते पुडकं काय आहे हे कुणाच्या तरी बोटांना उघडून कळतं.

वेगळं न झालेलं पुढे कुठे जातं? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. शहराचं शिळं गावाच्या ताटात, दुसरं काय.

पाण्याचंही तसंच. घरगुती आरओ यंत्रं एक लिटर पाणी देताना बऱ्याचदा तीन लिटर मोरीत सोडतात. पाण्यात क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील, तर आरओची सहसा गरजच नसते. उकळणं किंवा साधा फिल्टर पुरतो. धरणाचं पाणी पिणाऱ्या कितीतरी घरांत ते यंत्र केवळ शेजाऱ्यांकडे आहे म्हणून भिंतीवर चढलेलं असतं. मोरीत गेलेल्या त्या पाण्यासाठी मे महिन्यात टँकरपुढे हंडा घेऊन दुसरंच कुणीतरी उभं राहतं.

म्हणून उपाय सांगताना मी यादीआधी नावं विचारतो. ओल्या कचऱ्याचं खत घरात होतं. सच्छिद्र कुंडी, कोरडा पाला, थोडं आंबट ताक. हवा खेळती ठेवली की वास येत नाही, कचरा कोंडला की सडतो. हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न असा, की कुंडी हलवायची कुणी? डाळ तासभर आधी भिजत घालायची आठवण कुणी ठेवायची? कुकरला वाफ धरल्यावर गॅस बारीक करायला खुर्चीतून कोण उठणार? उत्तर पुन्हा ‘आई’ किंवा ‘मावशी’ असेल, तर आपण पर्यावरण वाचवत नाही, जुनंच ओझं नव्या शब्दांत त्याच खांद्यावर देतो.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी एक नियम झाला: उरलेलं मी खायचं. त्याआधी संध्याकाळी साडेआठला, कणीक मळून झाल्यावर, ‘आज बाहेरच जाऊ या’ असं म्हणण्याची मला सवय होती. सलग तीन सकाळी फोडणीची पोळी खाल्ल्यावर ती मोडली. आता बाहेर जेवायचं असेल तर मी दुपारीच फोन करतो.