उलार

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला एक शब्द पक्का ठाऊक असायचा: उलार. माल मागं जास्त पडला की गाडीचं तोंड वर उचललं जातं, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि गळ्याखालचा पट्टा नरड्याला काचतो. ती गाडी उलार. माल पुढं जास्त पडला तर उलटं होतं, सगळा भार मानेवर येतो आणि बैल दहा पावलांत फेस टाकतो. म्हणून गाडी भरून झाली की जाणता माणूस जुवाला हात घालून ते थोडं उचलून बघे. हाताला जड लागलं तर दोन पोती मागं, हलकं लागलं तर दोन पोती पुढं. रिकामी गाडी सपाट उभी राहते की नाही, हे कुणी बघत नसे. रिकाम्या गाडीला समतोल विचारण्यात अर्थच नव्हता.

हा शब्द आज आठवतो तो पिकअपमुळे. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन आहे. सोयाबीन निघालं की इथला माल मालेगाव, रिसोड नाहीतर वाशीमच्या बाजार समितीत जातो आणि तो वाहायला आता बंडीपेक्षा पिकअपच जास्त. नवी पिकअप दारात उभी राहिली की घरातल्या तरण्या मुलाला पहिली गोष्ट खटकते ती तिची ठेवण. मागचा भाग वर, पुढचा खाली, जणू गाडी वाकून उभी आहे. मोबाइलवर त्याने हायलक्स आणि व्ही-क्रॉस या पिकअप पाहिलेल्या असतात, पुढून उचललेल्या, जाड टायरांवर सरळ उभ्या. मग तो गॅरेजात जाऊन म्हणतो, ‘पुढून दोन इंच उचला, टायर मोठे टाका, गाडी लेव्हल करून द्या.’

त्याची हौस मला खोटी वाटत नाही. रोज ज्या गाडीवर पोट आहे ती डोळ्याला बरी दिसावी असं वाटण्यात गैर काय? पण तो ज्याला तिरकेपणा समजतो, ती मालासाठी राखलेली जागा आहे. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट उलगडून पाहिलं पाहिजे.

पिकअपचा हौदा पाहा. त्याचा मध्य मागच्या आसाच्या किंचित पुढं येतो. साठ किलोचे पंचवीस कट्टे टाकले तर दीड टन झाले आणि त्यातला बराच मोठा वाटा मागच्या दोन चाकांवर जातो. पुढच्या चाकांना त्याची खबर थोडीच लागते, कारण इंजिनाचं ओझं त्यांच्यावर आधीपासून असतंच. म्हणजे माल चढल्यावर गाडी पुढून थोडी दबणार आणि मागून पुष्कळ. बनवणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून तो मागची बाजू आधीच दोन-तीन इंच चढी ठेवतो, गाडीगणिक कमी-जास्त. माल भरला की ती उंची खर्च होते आणि गाडी सपाटीला येते. सपाटी ही भरलेल्या गाडीची अवस्था आहे.

ही उंची साठवलेली असते पाट्यांमध्ये. मागच्या आसावर पोलादी पाट्यांची चळत असते, वर लांब मेन पाटा आणि त्याखाली आखूड होत गेलेले. मधोमध यू-बोल्टने आवळलेले, एका टोकाला शॅकल, म्हणजे दबल्यावर लांबी वाढायला वाव. चळतीतला हेल्पर पाटा रिकाम्या गाडीत नुसता बसून असतो. वजन वाढलं, वरचे पाटे दबले, की मग तो कामाला लागतो. रिकामी पिकअप खड्ड्यात इतकी का उडते, याचं उत्तर इथंच आहे. दीड टनासाठी केलेले पाटे एकट्या ड्रायव्हरपुढं नरम होत नाहीत.

आता ‘लेव्हल’ करायचे दोन रस्ते. एक, पुढून उचलायचं. पुढं स्प्रिंग असेल तर वर स्पेसर घालतात, टॉर्शन बार असेल तर त्याचा बोल्ट पिळतात. दुसरा, मागून बसवायचं, म्हणजे एखादा पाटा काढून टाकायचा. दुसऱ्या रस्त्यावर मी फार थांबत नाही. माल वाहणाऱ्या गाडीचा पाटा काढणं म्हणजे तिची ताकद काढणं. उरलेले पाटे भरल्या मालाखाली थेट रबरावर आपटतात आणि एखाद्या दिवशी मेन पाटा तुटतो, तोही गावापासून लांब.

पुढून उचलणं निरुपद्रवी वाटतं, म्हणून त्याचा हिशेब बारकाईने मांडावा लागतो. समजा, पुढची बाजू 50 मिलीमीटर उचलली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 3 मीटर आहे. रिकामी गाडी सपाट झाली. आता तीत दीड टन भरा. मागचा भाग ठरल्याप्रमाणे दबला, पुढचा उचललेलाच राहिला. गाडीचं तोंड वर, बूड खाली. बंडीच्या भाषेत ती उलार झाली. बंडीइतकं इथं वजन सरकत नाही, हेही सांगितलं पाहिजे. बंडी एकाच आसावर तोलते, पिकअप दोन आसांवर उभी असते. पन्नास मिलीमीटरने चाकांवरच्या भाराची वाटणी फारशी बदलत नाही. बिघडतात त्या दुसऱ्याच गोष्टी.

पहिली, दिवे. तीन मीटरला पन्नास मिलीमीटर, म्हणजे साठाला एक. गाडीचं तोंड तेवढं वर झालं की हेडलाइटचा झोत साठ मीटरवर एक मीटर वर जातो. रस्त्यावर पडायचा उजेड समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात जातो. रिसोडहून रात्री घरी येणारा माणूस, मागं बायको, मध्ये लेकरू. त्याला दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त हीच गोष्ट बोचते, कारण गाडी आपली असली तरी किंमत दुसरा मोजतो.

दुसरी, ब्रेक. हे मात्र मागच्या पाट्यांना हात लावल्यावर बिघडतं. अनेक पिकअपांना मागच्या आसाजवळ एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसीस आणि आस यांच्यात किती अंतर आहे, ते एका दांडीने त्याला कळतं. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, तेव्हा मागच्या ब्रेकला दाब कमी. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, तेव्हा दाब जास्त. तो वजन मोजत नाही, उंची मोजतो. आता पाटा काढून मागची बाजू बसवली तर रिकाम्या गाडीलाही तो भरलेली समजतो, आणि पहिल्या पावसात ओल्या डांबरावर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरते. जादा पाटा घालून मागून उचलली तर भरलेल्या गाडीला तो रिकामी समजतो, आणि जेव्हा ब्रेक खरोखर हवा तेव्हा तो कमी देतो. पाट्यांना हात लावल्यावर ही दांडी पुन्हा लावून घ्यावी लागते. गिऱ्हाईक ते विचारत नाही, कारण असं काही असतं हेच त्याला माहीत नसतं.

तिसरी, चाकाची चाल. चाक जसं वर दबतं तसं खड्ड्यात खालीही उतरतं. टॉर्शन बार पिळल्याने तो जास्त कडक होत नाही, फक्त गाडी वरून सुरुवात करते. म्हणजे खाली उतरायची जागा आधीच संपलेली असते. मग खड्ड्याच्या काठावर चाक लोंबकळतं आणि पुढून ‘ठक’ असा आवाज येतो. बॉल जॉइंट तिरके राहतात, टायर एका कडेने झिजतात. अलाइनमेंट करून झीज सावरते. गेलेली चाल परत येत नाही.

आता टायर. इथं मात्र तरण्या मुलाची समज पुष्कळ खरी आहे. मोठं चाक खड्डा सहज ओलांडतं, हे बंडी करणाऱ्या सुताराला माहीत होतं, म्हणून तर जुन्या बंडीची चाकं कमरेच्या वर जात आणि त्यांवर लोखंडी धाव चढवलेली असे. लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक त्याच खड्ड्यावरून जातं. शिवाय पिकअपला मागं एकसंध आस असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबत असतो. गाडीतला जमिनीला सर्वांत जवळचा भाग बहुधा तोच. आणि पाटे वाढवले काय, स्पेसर घातले काय, हा गोळा एक केसभरही वर जात नाही, कारण तो पाट्यांच्या खाली, थेट चाकांवर बसलेला आहे. त्याला वर नेतो तो फक्त टायर.

किती वर नेतो? 215/75 आर 15 हे माप घ्या. रुंदी 215, तिच्या 75 टक्के बाजूची उंची, म्हणजे 161.25. वर आणि खाली मिळून 322.5, त्यात 15 इंची रिमचे 381. एकूण व्यास 703.5 मिलीमीटर. आता 235/75 आर 15 घातला तर 733.5. टायर 30 मिलीमीटरने मोठा झाला, पण गोळा वर गेला त्याच्या निम्मा, 15 मिलीमीटर. दोन बोटांचीसुद्धा जागा नाही.

शिरपूरच्या माणसाला जमिनीपासूनच्या पोकळीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. गावातल्या, जमिनीपासून अधांतरी मानल्या जाणाऱ्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीचं नावच त्या पोकळीवरून पडलं आहे. एके काळी मूर्तीखालून घोडेस्वार निघून जाई, असं परंपरा सांगते. पुढं ते अंतर कमी होत होत खालून कापड सरकावं एवढंच उरलं. श्रद्धेच्या गोष्टीशी गाडीची तुलना मी करणार नाही. पण एवढं मनात येतं, की या गावाच्या कानावर लहानपणापासून एका पोकळीची गोष्ट पडलेली आहे. ती पोकळी ज्यांनी डोळे भरून पाहिली, त्यांना 15 मिलीमीटरही थोडे वाटू नयेत. काळ्या मातीच्या पांदणीत चाकोऱ्या खोल जातात, मधला वरंबा उंच राहतो आणि गोळा त्या वरंब्यावर टेकला की चाकं जागच्या जागी फिरतात. तिथं 15 मिलीमीटर कधी कधी घरी पोचवतात.

मात्र त्यांची किंमत द्यावी लागते. व्यास 4.3 टक्क्यांनी वाढला, म्हणजे काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या पुढं असते. चाकाशी मिळणारी ओढ साधारण चार टक्क्यांनी घटते, चढावर भरल्या गाडीत एक गिअर आधीच खाली यावं लागतं. पूर्ण स्टिअरिंग वळवून पुढचं चाक खड्ड्यात दबलं की टायर मडगार्डला घासतो का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही.

याहून महत्त्वाचा आहे टायरच्या कडेला छापलेला भार-निर्देशांक. 100 म्हणजे त्या एका टायरने 800 किलो पेलायचे, 105 म्हणजे 925. जीपला शोभणारा जाड, देखणा टायर मालवाहू टायरपेक्षा रुंद असूनही कमी वजनाचा असू शकतो. रुंदी डोळ्याला दिसते, निर्देशांक वाकून वाचावा लागतो. असा टायर भरल्या मालाने, कमी हवेवर, उन्हाळ्यात समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास पळवला तर तो फुटणं हा नशिबाचा भाग राहत नाही. चिखलाचं म्हणाल, तर आपल्या चिकण मातीत टायरच्या मापापेक्षा त्याच्या खाचा निर्णायक असतात. बारीक खाचा चार फेऱ्यांत भरून टायर गुळगुळीत होतो. रुंद खाचा फिरता फिरता माती फेकून देतात. मूळ मापातच रुंद खाचांचा टायर मिळत असेल तर पांदणीतला निम्मा प्रश्न एका स्पॅनरशिवाय सुटतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे बनवणाऱ्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांना बाधा येईल असा बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकास 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं आहे. टायरच्या बाबतीत कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापांत राहणं हे सर्वांत निर्धोक.

आणि तरीही काही गाड्या लेव्हल कराव्यात, असं मी म्हणेन. जिची पुढची स्प्रिंग दहा वर्षांत बसली आहे, तिला मूळ उंचीवर आणणं हे दुरुस्तीचं काम आहे. ज्याच्या हौद्यात कधी पोतं चढतच नाही, माणसं आणि सामान तेवढं फिरतं, त्याचा हिशेबही निराळा. पण ज्याला ऑक्टोबरात सोयाबीन आणि जानेवारीत तूर वाहायची आहे, त्याने गॅरेजात जाण्याआधी मीटरची टेप घ्यावी. गाडी रिकामी असताना सपाट जागी उभी करावी, चाकाच्या तुंब्याच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांशी मोजून तारीख टाकलेल्या कागदावर लिहावं. मग नेहमीचा माल भरून, वजनकाट्यावरून उतरल्यावर, तीच चार मापं पुन्हा घ्यावीत. भरल्यावर मागची बाजू पुढच्या सपाटीला येत असेल तर गाडी आधीच लेव्हल आहे. सपाटीच्या खाली जात असेल तर पाटे बसलेत किंवा माल जास्त आहे, आणि दोन्हींचा इलाज पुढच्या स्पेसरमध्ये नाही. त्या संध्याकाळी निघताना हेडलाइट खाली करायचं बटण डॅशबोर्डवर असेल, तर त्याने झोत खाली करावा. हौदा रिकामा करून परतताना पुन्हा वर.