बाटलीभर विस्तव

दिवाळीची सुट्टी लागली, की मी सायकलला बाटली बांधतो. वाचकांनी भलता अर्थ काढू नये. बाटली रॉकेलची असते.

आमचे बुटीबोरी हे वाटा फुटण्याचे गाव. नागपूरहून आलेला रस्ता इथे दुभंगतो. एक फाटा हिंगणघाटावरून हैदराबादकडे जातो, दुसरा वर्ध्याकडे. औद्योगिक वसाहतीमुळे चौकातून टँकरांची ये-जा चालते, आणि त्यांच्या पाठीवर लाल पाटीत ज्वाळेचे चित्र असते. मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझी बाटली पाहून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्हीपण जाळ काढा ना हिच्यावर." काढला. चांगला वठला.

विस्तव बरोबर नेणाऱ्याला सायकलच बरी. रेल्वेत स्टोव्ह, रॉकेल, गॅसची टाकी नेणे हा गुन्हा आहे, आणि तो असावाच. 2023 च्या ऑगस्टमध्ये मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चोरून आणलेल्या गॅसच्या टाकीने आग लागली, नऊ माणसे गेली. चहा एकाला हवा असतो, भाजतात भलतेच. सायकलवर मात्र माझा धोका माझ्यापुरता, अशी माझी समजूत होती.

अर्धा लिटर रॉकेल वजनाला चारशे ग्रॅम भरते. बाटली काठोकाठ भरू नये. उन्हाने तेल फुगते, त्याला दोन बोटे जागा ठेवावी. बुचात रबराची चकती हवी. आणि बांधावी ती खालच्या दांडीला. गळली तर रस्त्यावर गळते. एका वर्षी मी ती पिशवीत ठेवली होती. त्या वर्षीचा चिवडा कुत्र्यानेही हुंगून सोडला. स्टोव्ह वडिलांच्या वेळचा, पितळी, पंपाचा. ही बिनवातीची जात स्वीडनच्या लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थाने 1892 साली काढली. काकडा लावून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. पेटला म्हणजे असा घोंघावतो, की दोन शेतांपलीकडे कळावे. हा त्याचा गुण पुढे माझ्या अंगाशी आला.

तीन वर्षांपूर्वी मी पवनारला निघालो होतो. अंतर चाळीसएक किलोमीटर. पण शाळा सुटायला उशीर झाला, वाटेत पाऊस लागला, आणि केळझर मागे पडल्यावर अंधारले. रस्त्याकडेच्या एका शेतात कापूस वेचायला आलेल्या कुटुंबांची पाले होती. मीही तिथेच पडवीसारख्या एका छपराखाली पथारी टाकली. थोड्या वेळाने एक बाई आली.

"भाऊ, घोटभर घासलेट हाये का? तुराट्या वल्ल्या झाल्या, पेटूनच नाही राहिल्या."

मी म्हणालो, "संपलं, बाई."

बाटली माझ्यामागे, सायकलला. भरलेली. दोन दिवसांचा चहा आणि दोन वेळची खिचडी मी त्यात मोजून ठेवली होती. मोजलेल्या वस्तूतले कोणी मागितले, की आपल्याला दुसऱ्याची गरज दिसत नाही, आपला हिशेब दिसतो. मागाहून मला एक उत्तम कारण सुचले: चुलीवर रॉकेल ओतणे धोक्याचे, आजूबाजूला पोरे, भडका उडाला असता. कारण अगदी खरे आहे. वर्गात मी ते मुलांना सांगतोदेखील. पण ते मागाहून सुचले. आधी सुचले ते खोटे.

ती गेली, आणि माझ्या लक्षात आले, की आता स्टोव्ह पेटवता येत नाही. आवाज तिच्या पालापर्यंत गेला असता. भरली बाटली, धुतलेले तांदूळ आणि पोटात भूक, असा मी बसून राहिलो. तिकडे फुंकणीचा आवाज येत होता, धूर येत होता. बऱ्याच वेळाने जाळ दिसला.

नंतर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी ताटलीत भाकर आणि ठेचा घेऊन आली. "मायनं देल्ली. तुमचं तेल संपलं नं."

मी ती खाल्ली. अजूनही मी स्वतःला विचारतो, की त्या रात्री मोठा अपराध कोणता? तेल नाकारले तो, की भाकर घेतली तो? तेल माझे होते. ते न देण्याचा अधिकार कायदा मला देईल. भाकर मात्र मला माझ्या खोटेपणाबद्दल मिळाली. परत केली असती, तर तिचा अपमान झाला असता. खरे सांगितले असते, तर माझा. मी तिच्या अपमानाची काळजी केली, असे म्हणायला मला आवडेल.

दुसऱ्या दिवशी पवनारला धाम नदीकाठी बसलो. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा इथूनच पायी तेलंगणाकडे निघाले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. मॅट्रिकपुढे न गेलेल्या माणसाने अपरिग्रहावर बोलू नये. पण एक शंका येते. कोणाकडे हात पसरायला नको म्हणून मी बाटली बांधतो, आणि याला स्वावलंबन म्हणतो. माझ्या लहानपणी आजी सकाळी शेजारी विस्तव मागायला जायची. तव्यावर दोन निखारे घेऊन यायची, पण अर्धा तास बोलून. तिला मागण्याची लाज नव्हती, म्हणून नाकारण्याचीही सवय नव्हती. उलट, काहीच न नेता निघालो असतो, तर त्या रात्री ओल्या तुराट्यांपाशी आणखी एक भुकेला बसला असता. तेही काही शहाणपण नव्हे.

परतताना मी त्या शेतावर थांबलो. पाले उठली होती. चुलीचे तीन दगड तेवढे होते.

घरी आलो तेव्हा बाटलीत निम्म्याहून अधिक तेल शिल्लक होते. सौभाग्यवतींनी त्यात फडके बुडवून पंख्याची पाती पुसली. म्हणाल्या, "एवढं उरवून आणता, तर नेता कशाला?"

यंदाही बाटली खुंटीवरून काढली आहे. जाळाचे चित्र थोडे उडाले आहे. ते रंगवायला हवे.