टाकणे आणि सोपविणे

गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लालबागच्या एका चाळीतील कुटुंब आमच्याकडे आले. प्रश्न कुत्र्याचा होता. दादर स्थानकाबाहेर कोणीतरी सोडून दिलेले हे जनावर त्यांच्या मुलाने घरी आणले होते. जात बॉर्डर कॉली. इंग्लंड व स्कॉटलंडच्या सीमेवरील डोंगरांत मेंढ्या वळविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेली. दहा बाय बाराच्या खोलीत त्याला मेंढ्या कोठल्या? तो गॅलरीतील पोरेच एका कोपऱ्यात गोळा करी, पळणाऱ्याच्या टाचेला दात लावी, रात्री चौकट ओरबाडी. आठ दिवसांत त्याला हलवा, असे चाळकऱ्यांनी बजावले. घरातील आजी मात्र म्हणाली, "फादर, एकदा टाकलेल्याला पुन्हा कसं टाकायचं?"

जिथे माणसांनाच घर मिळत नाही, तिथे कुत्र्याच्या घराची चिंता कशाला, असे काहींनी आम्हांला सुनावले. आक्षेप वजनदार आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो, की माणसांचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी खर्चावा, तो प्राण्यांवर उधळू नये. पण तोच ग्रंथ प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवितो. अग्रक्रम म्हणजे उपेक्षेचा परवाना नव्हे. शिवाय या कुत्र्याची अस्वस्थता माणसाने स्वतःच्या सोयीसाठी घडविलेली आहे. जे आपण घडविले, त्याचे ऋण आपल्यावर राहतेच.

परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे, १८८३ साली स्थापन झालेले जनावरांचे रुग्णालय आहे. पण हा कुत्रा आजारी नव्हता. तो बेकार होता. तेव्हा त्याला एखाद्या धनगराच्या कळपात द्यावे, असे आम्ही मोठ्या विश्वासाने सुचविले. ती आमची चूक होती. देशावरच्या धनगराचा कुत्रा मुख्यतः लांडग्यापासून राखण करतो. कळप वळवितो तो धनगर. राखण आणि वळवणी हे दोन वेगळे स्वभाव आहेत. त्यात थंड मुलखातील ही दाट लव, आणि माथ्यावर माणदेशाचे ऊन! आम्ही कुत्र्यासाठी घर शोधत नव्हतो, आमच्या मनातील एका सुंदर चित्रासाठी कुत्रा शोधत होतो.

त्याला खरे ओळखले ते तळमजल्यावरील एका वृद्ध गृहस्थांनी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, त्यांपैकी ते एक. "कामाशिवाय बसलेल्या अंगाचं काय होतं, ते मला विचारा," असे म्हणून ते रोज पहाटे पाच वाजता त्याला फिरवू लागले. आठवड्यात ओरबाडणे निम्मे झाले आणि चाळकऱ्यांनी महिन्याची मुदत वाढवून दिली.

त्या महिन्यात तिघेजण विचारीत आले. तिघांनीही आपल्या श्वानप्रेमाची ग्वाही दिली. आजींनी प्रत्येकाला एकच प्रश्न केला, "पहाटे कोण उठणार?" उत्तर एकाच घराकडे होते. वसईकडच्या वाडीत राहणारी, कुत्र्यांना शिकविणारी एक तरुणी. ती तीनदा येऊन त्याच्याबरोबर हिंडली. जमले नाही तर रस्त्यावर न सोडता परत आणीन, असा शब्द तिने दिला, आणि आजींनीही परत घेण्याचा शब्द दिला.

टाकणे आणि सोपविणे यांतील भेद आम्हांला इथे कळला. दोन्हींत हात सुटतो; पण टाकणारा मागे वळून पाहत नाही, सोपविणारा उत्तरदायी राहतो. जवळ ठेवण्याची ओढ प्रेमाचीच असते. मात्र त्या ओढीवरून दुसऱ्याचे हित ठरविता येत नाही. आपल्या वृद्धांविषयी, मुलांविषयी निर्णय घेताना आपण हा भेद पाळतो काय, हे ज्याचे त्याने तपासावे.

निरोपाच्या दिवशी मुलाने आम्हांला विचारले, "फादर, तो मला विसरेल का हो?"

"कदाचित विसरेल," आम्ही म्हणालो. खोटे सांगवेना. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग त्याने पट्टा त्या तरुणीच्या हाती दिला.